‘चाकू’ या शब्दाची व्याप्ती : विमानप्रवासाच्या नियमांच्या भाषेसंबंधी एक टिपण

नियमांची भाषा हा विषय आपल्याकडील भाषाभ्यासकांनी बहुधा वकिलांवर सोपवून दिलेला आहे. काव्याची भाषा, बोलींची भाषा, शिलालेखांची भाषा यांवर आपण पुष्कळ लिहितो. परंतु ज्या वाक्यांच्या आधारे एखाद्या माणसाच्या खिशातील वस्तू काढून घेतली जाते, किंवा काढून घेतली जात नाही, त्या वाक्यांच्या रचनेकडे आपले लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत टिपणासाठी विमानप्रवासात चाकू बरोबर नेण्यासंबंधीचे नियम निवडले आहेत. विषय वरवर किरकोळ भासेल; पण शब्दार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला त्यात पुष्कळच शिकण्यासारखे आहे, आणि प्रवाशालाही.

हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न मांडण्याचे कारण आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात विमानतळ नाही. येथील माणसाला विमान गाठावयाचे तर नांदेड, हैदराबाद किंवा छत्रपती संभाजीनगर येथे जावे लागते. तथापि जिल्ह्यातील नरसी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट असल्यामुळे नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनास येणाऱ्या शीख यात्रेकरूंपैकी काहींची पावले नरसीकडेही वळतात. गुरु गोविंदसिंगांचे देहावसान १७०८ मध्ये नांदेड येथे झाले. गुरुगद्दी सोहळ्याच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने २००८ मध्ये नांदेडचा विमानतळ नव्या रूपात सिद्ध झाला, आणि २०१७ च्या अखेरीस नांदेडहून थेट अमृतसरला विमान सुरू झाले. अशा विमानतळाच्या तपासणी-रांगेत दोन माणसे एकामागे एक उभी आहेत अशी कल्पना करावी. एक वसमतचा शेतकरी. त्याच्या पानाच्या बटव्यात अडकित्ता आणि खिशात घडीचा लहान चाकू. दुसरा अमृतधारी शीख. त्याच्या अंगावर कृपाण. शेतकऱ्याच्या चाकूचे पाते कदाचित दोन इंचांचे असेल, यात्रेकरूच्या कृपाणाचे पाच इंचांचे. चाकू अडवला जाईल आणि कृपाण जाऊ दिले जाईल. शेतकऱ्याला हे चमत्कारिक वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु चमत्कारिक वाटणे वेगळे आणि असंगत असणे वेगळे. येथे काय आहे ते पाहावयाचे आहे.

प्रथम आपल्या भाषेकडे वळू. कापणाऱ्या वस्तूंना मराठीत जी नावे आहेत त्यांपैकी बहुतेकांत ती वस्तू काय कापते, कोठे वापरली जाते किंवा कोण वापरतो याची जाण दडलेली असते. विळी स्वयंपाकघरात, विळा शेतात, खुरपे निंदणीला, कोयता उसाला, वस्तरा न्हाव्याकडे, कात्री शिंप्याकडे. अडकित्ता या शब्दाचा संबंध सुपारीवाचक कानडी ‘अडके’ शब्दाशी लावला जातो; म्हणजे काय कापावयाचे ते नावातच सांगितले आहे. उर्दू-फारसीतला ‘कलमतराश’ हा चाकू लेखणी तासण्यासाठी होता आणि त्याच्या नावाने दुसरा उपयोग सुचवलेलाच नव्हता. मराठवाड्यात निजामी राजवटीत उर्दू ही दप्तराची भाषा होती, तेव्हा हा शब्द येथील कचेऱ्यांना परका नसणार. ‘सुरी’ हा शब्द संस्कृत ‘छुरिका’पासून आलेला आहे, मच्छचा मासा, वच्छचे वासरू, कच्छपाचे कासव करणाऱ्या मराठीच्या वळणाने छकाराचा सकार होऊन तो सिद्ध झाला. ‘चाकू’ मात्र मूळचा तुर्की, फारसीच्या मार्गाने आलेला. या सर्वांत चाकू हाच शब्द सर्वांत निर्गुण आहे. तो कशासाठी हे नावावरून कळत नाही. विमानतळावरील फलकाने याच शब्दाची निवड करावी हे योगायोगाने झाले असले तरी अर्थपूर्ण आहे.

याहून महत्त्वाचा शब्द ‘हत्यार’. सुताराची हत्यारे म्हणजे करवत, पटाशी, रंधा. दरोडेखोराची हत्यारे म्हणजे वेगळेच काही. मराठीने या दोहोंसाठी एकच शब्द ठेवला आणि भेद प्रसंगावर सोडून दिला. खंडेनवमीच्या दिवशी तर हा भेदही उरत नाही. तलवार, विळा, कात्री, सर्वांना सारखेच हळदकुंकू लागते. भाषेला आणि व्रताला जे परवडते ते कायद्याला परवडत नाही. त्याला हत्यार आणि अवजार यांच्यामध्ये रेघ ओढावीच लागते.

भारतीय कायद्याने ही रेघ दोन ठिकाणी, दोन निरनिराळ्या तत्त्वांवर ओढलेली आहे, आणि माझ्या मते सर्व गोंधळाचे मूळ येथेच आहे. जमिनीवर लागू होणाऱ्या शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये ‘शस्त्र’ या संज्ञेची व्याख्या आहे. केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. लाठी आणि साधी हातातली काठी ही उदाहरणे तेथेच दिलेली आहेत. या अधिनियमाखालील १९६२ च्या नियमांत, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१६ च्या नियमांतही, तलवारी, खंजीर, भाले यांच्या पंक्तीत चाकूंचा उल्लेख असून त्या शब्दाला जोडून कृपाण व खुकरी यांचा समावेश केला आहे. माप सांगितले आहे ते असे : पाते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद. आणि लगेच अपवाद येतो. घरगुती, शेतीविषयक, शास्त्रीय वा औद्योगिक प्रयोजनासाठी घडवलेल्या वस्तू यांतून मोकळ्या. म्हणजे जमिनीवरचा कायदा प्रयोजन विचारतो. वस्तू कशासाठी घडवली? उसाच्या कोयत्याचे पाते केवढेही असो, तो कोयता आहे एवढे पुरे.

विमानात शिरताना हे तत्त्व पूर्णपणे उलटते. तेथे प्रयोजनाची पृच्छा नाही. वस्तूने काय करता येणे शक्य आहे एवढाच प्रश्न आहे. सफरचंद कापण्यासाठी घेतलेला चाकू आणि वाईट हेतूने घेतलेला चाकू यांत तपासणी करणाऱ्याने भेद करू नये असेच नियमाला अभिप्रेत आहे, कारण हेतू यंत्रातून दिसत नाही. म्हणून भारतात खिशातला चाकू, त्याचे पाते कितीही लहान असले तरी, हातसामानात वा अंगावर चालत नाही. तोच चाकू मोठ्या पेटीत घालून ती पेटी तिकीट-खिडकीवर जमा केली तर चालतो, कारण उड्डाणाच्या वेळी ती पेटी कोणाच्याही हाताशी नसते. ‘चाकू नेण्यास बंदी’ असे सरसकट म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. बंदी चाकू हाताशी असण्याला आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर नियमातील मुख्य पद कर्म नसून अधिकरण आहे. ‘काय’ यापेक्षा ‘कोठे’ हे निर्णायक आहे. ज्यांचा वडिलोपार्जित चाकू तपासणीच्या टेबलावर राहून जातो त्यांना हा भेद रांगेत उभे राहिल्यावर कळतो, आणि तोपर्यंत पेटी पट्ट्यावरून निघून गेलेली असते.

ही कठोरता कशामुळे आली हे सांगण्यास फार शब्द नकोत. २९ सप्टेंबर १९८१ रोजी दिल्लीहून अमृतसरमार्गे श्रीनगरला जाणारे इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले. अपहरणकर्त्यांजवळ कृपाणे होती. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला येणारे विमान पळवले गेले, आणि त्यातील एका तरुण प्रवाशाचा मृत्यू चाकूच्या वारांनी झाला. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यांपूर्वी त्या देशात ४ इंचांहून लहान पात्याचे चाकू विमानात नेता येत असत. त्या दिवसानंतर ते बंद झाले. २०१३ च्या मार्चमध्ये तेथील वाहतूक सुरक्षा प्रशासनाने ६ सेंटिमीटरपर्यंतच्या लहान घडीच्या चाकूंना पुन्हा परवानगी देण्याचे जाहीर केले. वैमानिकाच्या कक्षाचे दार आता भक्कम झाले आहे, तेव्हा लहान पात्याने विमान पळवता येणार नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. विमानसेवकांच्या संघटनांनी विचारले, दाराच्या अलीकडे आम्ही आणि प्रवासी असतो त्याचे काय? जूनमध्ये तो विचार सोडून देण्यात आला. मला हा प्रतिप्रश्न बिनतोड वाटतो.

आता कृपाणाकडे येऊ. ‘कृपाण’ हा शब्द संस्कृत असून त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. अमरकोशात पुल्लिंगी ‘कृपाण’ क्षत्रियवर्गात, खड्गाच्या पर्यायांत येतो. स्त्रीलिंगी ‘कृपाणी’ मात्र शूद्रवर्गात, कारागिरांच्या साधनांत, ‘कर्तरी’चा म्हणजे कात्रीचा पर्याय म्हणून दिलेली आहे. लिंग बदलताच तलवारीची कात्री झाली. नामदेव परंपरेने शिंपी. गुरु ग्रंथसाहिबातील त्यांच्या एका पदात मनाला गज आणि जिभेला कात्री कल्पिले आहे. तेव्हा नरसीची कात्री आणि नांदेडचे कृपाण ही कोशकाराच्या दृष्टीने एकाच घरातली ठरतात. शीख परंपरेत ‘कृपाण’ची फोड कृपा आणि आन, म्हणजे दया आणि प्रतिष्ठा, अशी करतात. व्युत्पत्तिशास्त्र तिला लोकव्युत्पत्ती म्हणेल. पण शब्दाचा व्यवहारातला अर्थ त्याच्या उगमाने ठरत नसून तो वापरणाऱ्या समाजाने ठरतो हे तत्त्व आपण मान्य करतो, तर धारण करणाऱ्याच्या भाषेत कृपाण हा चाकूचा एक प्रकार नाहीच, हेही मान्य करावे लागते. ते पाच ककारांपैकी एक आहे. शस्त्र नियमांत ते चाकूच्या पोटात येते, श्रद्धावंताच्या भाषेत येत नाही. एका भाषेत जी जाति-उपजाती आहे ती दुसरीत नाही, आणि दोन्ही भाषा या देशात अधिकृत आहेत. कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार कृपाण धारण करणे आणि जवळ बाळगणे हे शीख धर्माच्या आचरणातच अंतर्भूत मानावयाचे आहे.

या स्पष्टीकरणातील दोन क्रियापदे ध्यानात ठेवावीत : धारण करणे आणि बाळगणे. नागरी विमानन सुरक्षा ब्यूरोच्या ४ मार्च २०२२ च्या परिपत्रकात विमानापुरता नियम सांगितला आहे तो यांच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. कृपाण फक्त शीख प्रवाशाने, आपल्या अंगावर, न्यावे, पाते १५.२४ सेंटिमीटर म्हणजे ६ इंचांहून अधिक नसावे, आणि एकूण लांबी २२.८६ सेंटिमीटर म्हणजे ९ इंचांहून अधिक नसावी. आणि ही मुभा भारतीय विमानातून, भारतातल्या भारतात, संपूर्णतः देशांतर्गत अशा उड्डाणांपुरती आहे. घटनेतील दोन क्रियापदांपैकी येथे पहिलेच उरले आहे. अंगावर धारण केलेले कृपाण हे कृपाण. पिशवीत घातलेले कृपाण हा नियमाच्या दृष्टीने पुन्हा चाकू. नांदेडच्या बाजारातून आठवण म्हणून लहान कृपाण विकत घेणाऱ्या हिंगोलीच्या पर्यटकाने ते जमा करावयाच्या पेटीत घालावे ते याचसाठी. वस्तू तीच, माप तेच. संज्ञा मात्र धारण करणाऱ्यावरून ठरते. प्रयोजनाचा जो प्रश्न विमानाच्या दारात निषिद्ध होता तो एवढ्या एका ठिकाणी परत येतो, पण तोही संयमाने. अधिकाऱ्याने प्रवाशाच्या अंतःकरणात डोकावावयाचे नाही, त्याची धार्मिक ओळख पाहावयाची आणि फूटपट्टी लावावयाची.

मापांच्या बाबतीत एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे, कारण येथे भल्याभल्यांची गल्लत होते. शस्त्र नियमांतील ९ इंच हे पात्याचे माप आहे. विमानाच्या नियमातील ९ इंच हे मुठीसकट एकूण लांबीचे आहे. आठ इंची पात्याचे कृपाण जमिनीवर त्या सूचीच्या मर्यादेत बसते, विमानात बसत नाही. सहाच्या आकड्याचेही तसेच. आपल्याकडे कृपाणाला सहा इंच. पण आंतरराष्ट्रीय व्यवहारात वारंवार भेटणारे सहा हे सेंटिमीटरचे आहेत, म्हणजे जेमतेम दोन इंच आणि वर तिसऱ्याचा थोडा अंश. कॅनडाने २७ नोव्हेंबर २०१७ पासून ६ सेंटिमीटरपर्यंतच्या पात्याला परवानगी दिली आणि त्यामुळे तेथील शिखांना लहान कृपाण अंगावर ठेवून प्रवास करता येऊ लागला. मात्र अमेरिकेकडे जाणाऱ्या उड्डाणांना ती लागू केली नाही. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमावलीतही चाकूच्या पात्याला हीच मर्यादा आहे, आणि कात्रीचे पाते खिळ्यापासून टोकापर्यंत मोजावे असे स्पष्ट सांगितले आहे. कात्रीची लांबी कोठून मोजावयाची हा शिंप्याला कधीच न पडलेला प्रश्न तेथे शब्दांकित झाला. व्हँकुव्हरहून हुजूर साहिबला येणाऱ्या यात्रेकरूला अशा रीतीने एकाच यात्रेत दोन व्याख्यांमधून जावे लागते. दिल्लीपर्यंतच्या उड्डाणात भारताची सहा इंचांची मुभा त्याच्या उपयोगाची नाही. दिल्लीपासून पुढे, उड्डाण पूर्णतः देशांतर्गत असेल तर, ती आहे.

वर उल्लेखिलेल्या परिपत्रकाची पुढील हकीकतही भाषेच्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. मूळ मजकुरात वरील मुभा केवळ शीख प्रवाशांसाठी आहे असे म्हणून पुढे एक वाक्य जोडले होते. त्यानुसार विमानतळावर काम करणाऱ्या कोणासही, शीख कर्मचाऱ्यांसह, कृपाण धारण करता येणार नव्हते. शीख संस्थांनी तीव्र हरकत घेतली आणि १२ मार्च २०२२ रोजी शुद्धिपत्र काढून तो परिच्छेद वगळण्यात आला. आठ दिवसांत एक वाक्य आले आणि गेले. त्यात ‘प्रवासी’ हे एक नाम अपवादाची सीमा आखीत होते, आणि त्या नामाबाहेर उभ्या असलेल्या, रोज कृपाण घालून कामावर येणाऱ्या माणसांची उपजीविका त्या सीमेवर लोंबकळत होती. दुसऱ्या बाजूने, शीख प्रवाशांना दिलेल्या सवलतीलाच आव्हान देणारी याचिका दिल्ली उच्च न्यायालयात आली. हा धोरणाचा विषय असल्याने त्यात न्यायालयाने हस्तक्षेप करण्याचे कारण नाही, असा पवित्रा घेऊन डिसेंबर २०२२ मध्ये ती फेटाळण्यात आली.

राहता राहिला अनुवादाचा मुद्दा. शस्त्र नियमांतील ते वाक्य इंग्रजीत असे रचले आहे की मापाचा आणि प्रयोजनाचा विशेषणखंड लांबलचक यादीच्या अगदी शेवटी येतो. तो केवळ ‘अशा इतर शस्त्रां’ना लागतो, की चाकूंनाही, की यादीच्या आरंभीच्या तलवारींपर्यंत मागे जातो, हे वाक्यरचनेवरून निर्विवादपणे ठरत नाही, इंग्रजी वाक्याला हे झाकून ठेवता येते. मराठीत विशेषण नामाच्या आधी येते. ‘९ इंचांपेक्षा लांब पात्याचे’ हे शब्द तलवारीच्या आधी ठेवावयाचे, की चाकूच्या, की ‘इतर’च्या, याचा निर्णय अनुवादकाला लेखणी टेकवण्यापूर्वीच करावा लागतो. विधि-अनुवादाच्या विद्यार्थ्यांना हे एक वाक्य सरावासाठी द्यावे अशी माझी सूचना आहे. प्रत्येक विद्यार्थ्याचा मराठी कायदा थोडा निराळा निघेल.

वसमतच्या त्या शेतकऱ्याचा चाकू पेटीत गेला असे धरू. त्याच्या अडकित्त्याला मात्र अजून नाव मिळालेले नाही. त्याला दोन दांडे आहेत आणि मधे खिळा आहे, म्हणून ती कात्री म्हणावी, तर धार एकाच पात्याला असते. चाकू म्हणावा, तर पाते मोकळे नसते, मिटल्यावर दुसऱ्या दांड्यावर टेकते. निषिद्ध वस्तूंच्या याद्या ज्या भाषांत प्रथम लिहिल्या गेल्या त्या भाषांच्या मुलखात जेवणानंतर सुपारी कातरण्याची चाल नाही, तेव्हा यादी करणाऱ्यांपुढे ही वस्तू आलीच नसणार. असल्या अनामिक वस्तूंसाठी प्रत्येक यादीच्या शेवटी ‘इतर तीक्ष्ण धारेच्या वस्तू’ अशा अर्थाची एक मोकळी जागा ठेवलेली असते, आणि तिच्यात काय बसवावयाचे हे तपासणीच्या टेबलामागील माणूस त्या क्षणी ठरवतो. निर्णय विरुद्ध जाण्याचाच संभव अधिक. तेव्हा अडकित्ताही पेटीत घालावा, आणि सुपारी घरूनच कातरून न्यावी.